झुलीखाली जळालेला सर्वो

मी एक सर्वो मोटर बोलतोय. मोटर म्हटलं की तुमच्या डोळ्यांपुढे विहिरीवरचा पंप उभा राहतो, हे मला ठाऊक आहे. तेवढा मोठा मी नाही. काडेपेटीहून थोडा थोराड, अंगानं काळा, आणि डोक्यावर बसवलेला एकुलता एक हात. रिमोटवर चालणाऱ्या हौशी गाडीत मला बसवतात. गाडी पळवायला दुसरी मोटर असते, मी फक्त पुढची चाकं वळवतो. रिमोटनं सांगितलं डावीकडे, की मी माझा हात डावीकडे नेतो आणि 'पुरे' म्हणेपर्यंत तिथंच धरून ठेवतो. धरून ठेवणं हीच माझी खरी नोकरी, आणि ती करता करताच माझा जीव गेला.

हसू नका. काडेपेटीएवढ्याचा कसला जीव, असं तुम्हाला वाटेल. वाटू द्या. पण माझ्यावर जो आळ आलाय, तो तरी ऐकून घ्या.

जन्मलो मी कुठल्या तरी दूरच्या कारखान्यात. त्यातलं काही आठवत नाही, आणि आठवून करायचंय तरी काय! मला पहिली वीज मिळाली ती आरमोरी गावात, पियुषच्या दुकानात. मराठी मी तिथंच ऐकली आणि तिथंच शिकलो. बोलता बोलता माझ्या तोंडी मधेच 'काऊन' आलं, 'बाप्पा' आलं, तर ते त्या दुकानाचं देणं समजा.

पियुषचं दुकान मोटर रिवाइंडिंगचं. जळालेले पंप यायचे, तो त्यांची काळी पडलेली तार उपसून काढायचा, नवी तांब्याची तार भरायचा, वार्निश पाजायचा आणि पंप पुन्हा बोलता करायचा. धानाला, म्हणजे भातपिकाला, पाणी द्यायच्या दिवसांत तर दारात पंपच पंप. आणि पंप आणणाऱ्याचं रडगाणं ठरलेलं. मुखरूभाऊ नावाचे एक शेतकरी होते, ते तर दर मोसमाला हजर. पंप खाली आपटायचे आणि म्हणायचे, "भाऊ, तुयी वाइंडिंगच कच्ची होती गा!"

पियुष हसायचा. "मुखरूभाऊ, मोटर अशी एकदम नाई जळत. पयले ते गुणगुणते, मंग गरम होते, मंग वास देते. ते बिचारी सांगून राह्यली असते, तुमीच ऐकत नाई. काऊन हात लावून पाहत नाई? हात टिकला तर मोटर टिकन."

हात लावून पाहा! बाप्पा, हे वाक्य मी किती ऐकलं! टेबलाच्या कोपऱ्यात पडल्या पडल्या मला वाटायचं, नशीब काढलं आपण. मोटरीचं दुखणं ज्याला हातानं कळतं असा मालक किती जणांना मिळतो?

आणि खरंच, सुरुवातीला तो तसाच वागला. त्याला रिमोटच्या गाड्यांचा नाद होता. एक ठेंगणा, रुंद चाकांचा ट्रक त्यानं स्वतः जुळवला होता, त्यात मला बसवलं. बसवण्याआधी माझ्या हाताला जोडायची दांडी मोकळी ठेवून त्यानं बोटानं चाकं इकडेतिकडे फिरवून पाहिली. कुठं घासत तर नाही ना, अडत तर नाही ना. मग रिमोटवर माझी दोन्हीकडची हद्द ठरवून दिली. चाक जिथं अडतं, त्याच्या केसभर आधी मी थांबायचं.

त्याची बायको पुनम चहा घेऊन आली होती. ती म्हणाली, "कवापासून त्या डबडीलेच कुरवाळून राह्यले तुमी."

"असं नाई वो," पियुष म्हणाला. "चाक अडल्यावरही याले ढकलतच ठेवलं, तर हा आतल्या आत जळते. ते होऊ द्यायचं नसते."

हे मी मुद्दाम सांगतोय. त्याला माहीत होतं.

धान कापून झालेल्या शेतात, बांधीत, आम्ही संध्याकाळी जायचो. ढेकळांवरून, धुऱ्याच्या उंचवट्यावरून ट्रक उड्या मारायचा आणि मी चाकं सांभाळायचो. थोडं पळवून झालं की पियुष थांबायचा, वाकायचा आणि उलट्या बोटानं माझ्या अंगाला हात लावायचा. "थंडा आहे माहा राजा," म्हणायचा. गरम वाटलोच तर निंबाच्या सावलीत गाडी उभी करून स्वतः बाजूला बसून राहायचा. मला राजा म्हणायचा तो. मी ते खरं मानलं.

आता देवाजींबद्दल सांगतो. देवाजी म्हणजे पियुषचे वडील. हाताचे सुतार. मोठ्या पोळ्याच्या दुसऱ्या दिवशी आमच्याकडे लेकरांचा तान्हा पोळा असतो. शेतकरी खरे बैल मिरवतात तसे लेकरं लाकडाचे नंदी सजवून तोरणाखाली उभे करतात आणि मग दोरीनं ओढत घरोघर नेतात. घरोघरी लेकरांच्या हातावर बोजारा म्हणून काही ना काही ठेवलं जातं. आरमोरीतल्या कितीतरी लेकरांचे नंदी देवाजींच्या हातचे. पण उन्हाळ्यात त्यांच्या उजव्या अंगावरून वारं गेलं. उजवा हात लुळा पडला, बोलणं जड झालं. नातीसाठी, पियुषच्या साचीसाठी, सागवानाचा एक नंदी त्यांनी आधी सुरू करून ठेवला होता. तो त्यांनी डाव्या हातानं पुरा केला. ओठ दाबून, घाम गाळून, रोज थोडा थोडा.

"हा माहा शेवटचा," ते म्हणाले. "तान्ह्या पोळ्याले तोरणाखालून निघून माह्या दाराशी आला म्हणजे झालं."

एवढंच मागणं होतं म्हाताऱ्याचं. साचीनं दोरी बांधून ओढत आणला असता, तरी ते पुरं झालं असतं.

पण पियुषच्या डोक्यात कल्पना शिरली. "बाबा, तुमचा नंदी दोरीनं नाई येणार! आपल्या पायानं चालत येईन, तुमच्यासमोर थांबन अन् मान हलवन. पुरी आरमोरी पाहत राहीन."

"दोरी बरी आहे गा," देवाजी म्हणाले.

"पण मी ओढणार होती ना, बाबा!" साची म्हणाली. तिच्याकडे कुणाचं लक्ष गेलं नाही.

खोटं कशाला बोलू, माझी छाती फुगली होती. म्हाताऱ्याचा शेवटचा नंदी माझ्या हातावर वळणार! पियुषनं एवढा भरवसा टाकला म्हणजे तो माझी काळजीही घेईल, असं मी धरून चाललो होतो.

मग तयारी सुरू झाली. ट्रकवर फळी आली, फळीवर भरीव सागवानाचा नंदी. पुढची चाकं त्या भारानं जमिनीत रुतल्यासारखी झाली. मी जोर लावायचो, चाक जेमतेम हलायचं. अशा ओझ्याला माझ्याहून दणकट सर्वो लागतो. तो मिळतो, पियुषला माहीतही होता. पण पोळा तोंडावर आलेला. त्यानं वीज मापात ठेवणारा मधला बचावाचा तुकडा काढून मला सरळ बॅटरीला जोडलं, म्हणजे माझ्या मापापेक्षा जास्त वीज. "लाव जोर, राजा," म्हणाला.

गल्ली अरुंद, नंदी पुरेसा वळेना. मग त्यानं रिमोटवर स्वतःच घालून दिलेली माझी हद्द काढून टाकली. आता चाक अडलं तरी मी ढकलतच राहणार. त्यावर कळस म्हणजे नंदीच्या मानेला तार बांधून तीही माझ्याच हाताला अडकवली. मी वळलो की चाकंही वळणार आणि नंदीची मानही. एकाच्या खांद्यावर दोन जू.

पुनमनं लाल मखमलीची सुंदर झूल शिवली होती. दोन्ही बाजूंना तिनं फट ठेवली होती. पियुषनं ती झूल जमिनीपर्यंत ओढली आणि पिना लावून चारी बाजूंनी बंद केली.

"अजी, हवेसाठी जागा ठेवली होती मी," ती म्हणाली. "आत गरम नाई होणार का तो?"

"चाकं दिसले तर मजा काय राह्यली? घडीभराचं तर काम आहे."

अंगणात त्यानं एकदा चालवून पाहिलं. मी गुणगुणलो. नुसता गुणगुणलो नाही, बोंबललो. आणि सांगतो तुम्हाला, त्यानं ऐकलं. मान तिरपी करून तो थबकला, पंपाजवळ थबकतो तसाच. त्याचा हात झुलीपर्यंत आला. तेवढ्यात फाटकाशी उभा असलेला शेजारचा निकेश ओरडला, "अरे वा रे पठ्ठ्या! नंदी तं जित्ता झाला बे!" आणि पियुषचा हात झुलीवरून उठून पुन्हा रिमोटवर गेला. माझी फसवणूक झाली ती तिथं. पुढचं सगळं त्याच्या मागून आलं.

तान्ह्या पोळ्याचा दिवस. चौकात मारुतीच्या देवळासमोर आंब्याच्या पानांचं तोरण बांधलेलं. लेकरं नवे कपडे घालून, आपापले नंदी घेऊन रांगेत. आमचा नंदी सगळ्यांत पुढे. बाशिंग, घुंगरू, शिंगांना चमकी. बायका येत होत्या, नंदीला कुंकू लावत होत्या, समोर अगरबत्त्या खोचत होत्या. तोरण तोडायला पाहुणे यायचे होते. ते आले उशिरा. आले ते भाषणाला उभे राहिले.

भाषण कोण ऐकतो? लेकरं आमच्याभोवती जमली. "काका, मान हलवा ना! पुन्हा हलवा ना!" पियुष हलवत होता. डावीकडे, उजवीकडे, पुन्हा डावीकडे. उभ्या गाडीची चाकं जागच्या जागी वळवणं म्हणजे काय, ते मला विचारा. गाडी चालत असली की चाक सहज वळतं. उभी असली की रबर जमिनीला घट्ट धरून बसतं आणि सगळा पीळ माझ्या अंगात येतो. त्यात वरून लाकडाचा भार, भोवती मखमल, वाऱ्याची झुळूक नाही. कुणाला फोटो हवा होता, तर पियुषनं मान डावीकडे वळवून तशीच धरून ठेवली. चाक कधीच अडलं होतं. मी ढकलत राहिलो. मला थांब म्हणणारी हद्दच त्यानं काढून टाकली होती, मी थांबणार कसा?

मी गुणगुणलो, घुंगरात आवाज बुडाला. मी तापलो, कुणी हात लावला नाही. शेवटी माझ्या तारेवरचं वार्निश जळू लागलं आणि वास सुटला.

पुनमला तो आला. "जळल्यासारखं काही वास येऊन राह्यला अजी!"

"अगरबत्ती आहे ते," पियुष म्हणाला.

जळालेल्या तारेचा वास! ज्या वासात तो रोज जेवणाचा डबा उघडतो, तो वास त्याला ओळखू येऊ नये? मला आजही हे पटत नाही. त्याला ओळखू आला असणार. त्या घडीला त्याला तो नको होता, एवढंच.

तोरण तुटलं. लेकरं ओरडत निघाली. आमचा नंदी पुढे, दोरीशिवाय, डुलत. लोक बाजूला होऊन टाळ्या वाजवत होते. गल्लीच्या टोकाला देवाजी खाटेवर बसले होते. धुतलेलं धोतर, डोक्याला टोपी, लुळा हात मांडीवर नीट ठेवलेला. नंदी दिसला तसे ते खाटेवरून पुढे सरकले. दारासमोर यायला एक डावं वळण होतं. मी होतं नव्हतं ते सगळं लावलं. नंदी वळला, मानही वळली. देवाजींच्या तोंडावर हसू आलेलं मी झुलीची एक पिन सुटली होती त्या फटीतून पाहिलं.

तेच माझं शेवटचं वळण. आत काहीतरी वितळलं आणि माझा हात डावीकडेच अडकला. पियुष रिमोटवरून सरळ हो म्हणत होता, उजवीकडे हो म्हणत होता. मला ऐकू येत नव्हतं हो! घाबरून त्यानं बोट दाबलं आणि गाडीचा वेग उलट वाढला. खाटेच्या पुढून डावीकडे नाली होती, पावसाच्या पाण्यानं भरलेली. नंदी थेट तिच्यात गेला. नालीच्या सिमेंटच्या काठावर आपटून त्याचा पुढचा पाय आणि एक शिंग मोडलं. पायाचा तुकडा पाण्याबरोबर वाहून गेला.

साची रडायला लागली. तिनं शिंग उचलून छातीशी धरलं. देवाजींचं तोंड उघडंच राहिलं होतं. मोठ्या कष्टानं ते म्हणाले, "काय झालं गा?"

पियुषनं नंदी वर काढला, झूल फाडली. आतून धूर निघाला. त्यानं मला पाहिलं. माझ्या फटींतून जळकं वार्निश ओघळलं होतं. दुकानात अशी मोटर आली की तो एका नजरेत सांगायचा, हिच्यावर भार जास्त पडला, हिला हवा मिळाली नाही. त्या दिवशीही त्याला कळलं होतं. भोवती सगळा गाव उभा होता. मी वाट पाहत होतो. तो म्हणेल, चूक माझी झाली. दुसरं काही नको होतं मला.

"सर्वो फुसका निघाला, बाबा," तो मोठ्यानं म्हणाला. "मालच खराब. फसवलं त्या कंपनीनं."

"आजकाल सगळा मालच तसा येऊन राह्यला," निकेश म्हणाला, आणि चार जणांनी माना डोलावल्या.

जळताना मला जेवढं दुखलं नव्हतं, तेवढं ते ऐकून दुखलं. अरे, शेवटच्या घटकेपर्यंत मी तू सांगशील तेच केलं! तू हद्द काढलीस, मी तक्रार केली नाही. तू झुलीत कोंडलंस, तरी मी धरून राहिलो. आणि गावासमोर मीच खराब? राजा म्हणत होतास ना मला?

त्यानं मला गाडीतून उपटलं ते पकडीनं. तेव्हाही हात लावला नाही. दुकानात नेऊन जळक्या तारांच्या टिनात टाकलं.

टिनात पडून मी दुकानातलं सगळं ऐकत होतो. धान लोंबीवर आला, पाण्याची ओढ सुरू झाली आणि मुखरूभाऊ आपला पंप घेऊन हजर झाले. "भाऊ, तुयी वाइंडिंगच कच्ची होती गा!"

पियुषनं पंप उघडला, सुंगला. "माल खराब नसते, मुखरूभाऊ. पाण्याबिना मोटर कोरडी चालवली तुमी. हात लावून पाह्यला होता का?"

मुखरूभाऊंनी तंबाखू मळता मळता विचारलं, "मंग तुया नंदीच्या गाडीचा माल कसा खराब निघाला गा?"

दुकानात बसलेले दोघंतिघं हसले. आता तरी बोल, पियुष. आता तर गावही समोर नाही.

"ते वेगळं," पियुष म्हणाला, आणि पंपाचे बोल्ट खोलायला लागला.

काही दिवसांनी साची दुकानात आली. "आबाजीनं तो जळालेला मागितला," म्हणाली. पियुषनं न बघता टिनाकडे बोट केलं. तिनं तारा बाजूला सारून मला काढलं आणि मुठीत धरून घरी नेलं.

देवाजींनी मला डाव्या तळहातावर घेतलं. नाकाजवळ नेऊन सुंगलं. माझ्या अडकलेल्या हाताला नखानं हलवून पाहिलं. शिंग त्यांनी आधीच चिकटवलं होतं. पाय मात्र वाहून गेलेला, नंदी पुढून कलंडत होता. त्यांनी माझा हात कापला, माझे कान, म्हणजे स्क्रू लावायच्या दोन्ही बाजूंच्या पट्ट्या, घासले आणि मोडक्या पायाखाली मला बसवून पाहिलं. मी बरोबर मापाचा निघालो. नंदी उभा राहिला. खालच्या फळीला त्यांनी लाकडाची चाकं लावली आणि साचीला म्हणाले, "बांध दोरी."

तेवढ्यात पियुष घरी आला. मला पाहून त्याचा चेहरा बदलला. "हे खराब डबडं कायले लावलं, बाबा? मी सागवानाचा तुकडा आणून देतो ना."

देवाजींना शब्द जुळवायला वेळ लागतो. पुनम चुलीपाशी थांबून राहिली. "खराब नव्हता गा हा," ते म्हणाले. "तू हात नाई लावला."

पियुषनं फटफटीला किक मारली आणि तो दुकानात निघून गेला.

आता मी इथंच असतो, घरात, नंदीच्या पायाखाली. साची दोरीनं ओढते, नंदी आबाजींच्या खाटेशी येऊन थांबतो आणि ते त्याच्या डोक्यावर हात ठेवतात. म्हाताऱ्याचं मागणं असं उशिरा का होईना पुरं झालं. मला आता वळायचं नसतं, धरून ठेवायचं नसतं. नुसतं उभं राहायचं.

पियुषनं ट्रकसाठी नवा सर्वो आणलाय. माझ्याहून दणकट आहे म्हणे. अंगणातून त्याचा आवाज येतो आणि मी कान देऊन ऐकतो, गुणगुणत तर नाही ना पोर. तुमच्याकडेही असा एखादा असेल तर त्याच्यावर झेपेल एवढंच ओझं टाका, मापाचीच वीज द्या. चाक अडण्याआधी त्याला थांबू द्या. उभ्या गाडीत त्याला पिळू नका. हौसेनं झूल घालायचीच असेल, तर वाऱ्याला वाट ठेवा. आणि मधूनमधून थांबून त्याला हात लावून पाहा. एवढं करूनही तो गेलाच, तर खुशाल खराब म्हणा.

पियुष रोज सकाळी माझ्यासमोरूनच दुकानात जातो. चप्पल घालताना त्याची नजर नंदीच्या पायाकडे जाते आणि लगेच वळते. मी आता पार थंड आहे, भाजायची भीती नाही. तरी त्यानं अजून हात लावलेला नाही.